कंपनी नंतर काढा, आधी पावती फाडा

माझ्या पहिल्या कंपनीची व्हिजिटिंग कार्डं अजून घरात आहेत. पाचशे छापून घेतली होती, चारशेच्या वर उरली. आई त्यांच्या पाठीमागे किराण्याची यादी लिहिते. कार्डावर माझ्या नावाखाली ‘संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी’ असं आहे. तेव्हा कंपनीत मी, माझा एक मित्र आणि एक भाड्याचा प्रिंटर एवढेच होतो.

आता महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. “ताई, नोकरी सोडतोय, स्टार्टअप काढायचंय. प्रायव्हेट लिमिटेड करू की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी)?” हिंजवडीतली नऊ वर्षांची नोकरी सोडून २०१८ मध्ये कोल्हापूरला परत आले, तेव्हा मीही सीएकडे जाऊन हेच विचारलं होतं. पुढे जी कामं केली ती सगळी करावीच लागतात, पण मी ती शेवटून सुरुवातीकडे केली. खाली ती सुलट लावून देते. आमचं काम फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे कारखाने, आणि मशीन शॉपसाठी सॉफ्टवेअर करण्याचं, म्हणून उदाहरणं तिथली येतील. तुमचं काम लोणच्याचं असो नाहीतर ड्रोनचं, पैशांचा आणि कागदांचा भाग बराचसा हाच राहील.

राजीनामा टाकण्याआधी

मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि घरखर्च खरोखर किती होतो ते मांडा. माझ्या डोक्यात २५,००० होते, कागदावर ३८,००० निघाले. मधले तेरा हजार आहेर, गाडीचे टायर, वडिलांच्या तपासण्या असल्या कधीमधीच्या खर्चांत जात होते. ते कधीमधी दर महिन्याला येतात. त्या आकड्याला अठराने गुणा. माझ्या हिशोबाने ६,८४,००० वेगळ्या खात्यात हवे होते. मी बारा महिन्यांचे ठेवले आणि पहिल्या ग्राहकाचा चेक चौदाव्या महिन्यात आला. मधल्या दोन महिन्यांसाठी माझ्या पाटल्या बँकेत जाऊन आल्या.

नोकरीवर असतानाच आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घ्या, कारण कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्यांसाठी थांबावं लागतं. घरासाठी कर्ज घ्यायचंच असेल तर तेही सॅलरी स्लिप हातात असतानाच घ्या. स्टार्टअपवाल्याला बँकेचा साहेब चहासुद्धा जपून विचारतो. आणि नेमणुकीचा करार एकदा बारीक वाचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर रात्री लिहिलेला कोड तुमचा राहत नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं.

वही घेऊन बसा

इथे मी सगळ्यात जास्त घाण केली, म्हणून इथे जास्त लिहिते.

आमचं पहिलं उत्पादन म्हणजे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला लावायचा सेन्सर. मशीन किती वेळ चालली, किती वेळ उभी राहिली, सगळं मोबाईलवर रंगीत आलेखात दिसायचं. आठ महिने खपून बनवलं. गोकुळ शिरगावातल्या एका मालकांना दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, “मशीन बंद आहे हे मला कळतंय की ताई. ऑपरेटर गावाकडनं आला न्हाई म्हणून बंद आहे. तुमचं यंत्र ऑपरेटर आणतंय काय?”

त्याआधी मी तेवीस जणांना विचारलं होतं, “असं असं बनवलं तर घ्याल का?” तेवीसही जण हो म्हणाले होते. आपल्याकडे दारात आलेल्या मुलीला तोंडावर नाही कोण म्हणतं? चहा पाजतात, “लै भारी” म्हणतात, वडिलांची चौकशी करतात. “घ्याल का” हा प्रश्न विचारूच नका. मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत, किती वेळ गेला, किती पैसे गेले, कोणावर ओरडलात, हे विचारा. घडलेल्या गोष्टीत माणूस सहसा खोटं बोलत नाही. आणि ज्या अडचणीवर त्याने आधीच काही ना काही जुगाड करून ठेवलंय, तीच धरा. जुगाडच केला नसेल तर ते दुखणं त्याला सोसवतंय, त्यासाठी तो पैसे सोडणार नाही.

आम्हाला आमचं काम शिरोली एमआयडीसीत एका स्टोअरकीपर काकांच्या टेबलाशेजारी सापडलं. मी नऊ दिवस तिथे खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे तीन वह्या होत्या: एक जावक, एक आवक, आणि तिसरी घरून आणलेली, लाल कव्हरची. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, मशीनिंगसाठी बाहेरच्या शॉपकडे चलनावर (मालासोबतच्या चिठ्ठीवर) जातात. समजा २०० नग गेले. परत येताना १८८ चांगले येतात. सात नगांत मशीनिंग करताना आतलं ब्लो होल, म्हणजे हवेचं छिद्र, उघडं पडतं, तो कास्टिंगचा दोष, म्हणजे ‘सीआर’. तीन नगांत टूल चुकतं, ते ‘एमआर’. सीआरचा भुर्दंड फाउंड्रीवर, एमआरचा मशीन शॉपवर, म्हणून प्रत्येक नगावरून भांडण. आणि उरलेले दोन? ते शॉपवाल्याने सेटिंगला वापरलेले असतात आणि त्याच्या बाकाखाली पडलेले असतात. लाल वहीत काका फक्त हे दोन-दोन नग लिहायचे. वर्षाअखेरीला त्यांची बेरीज करून मालकांसमोर ठेवायची आणि शिव्या खायच्या. वर जीएसटीचा नियम असा की जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो विकला असं धरलं जातं. काकांची लाल वही हा जुगाड होता, आणि ती वही आमचं उत्पादन झाली.

आणखी एक. काकांना संगणक नको होता, त्यांना नोकरी जाईल याची भीती होती. हे मला सातव्या दिवशी कळलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, भाकरी वाटून घेताना. तुमच्या वस्तूचे पैसे एक माणूस देतो आणि ती दुसराच वापरतो, असं असेल तर दुसऱ्याशेजारी जास्त बसा.

आधी हाताने करा

इतकं सापडल्यावर मी लगेच कोड लिहायला बसले नाही, ही माझ्या हातून झालेली एकमेव शहाणी गोष्ट. काका चलनाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. मी रात्री जेवणं आटोपली की गुगल शीटमध्ये नगांचा आकडा भरायचे आणि सकाळी आठला मालकांना चार ओळींचा मेसेज टाकायचे: कोणाकडे किती नग, किती दिवस झाले, सीआर किती, एमआर किती. अकरा आठवडे असं केलं. या अकरा आठवड्यांत कळलं की मालक चारपैकी एकच ओळ वाचतात, ‘किती दिवस झाले’ ती. पुढे ॲप बनवताना पहिल्या पडद्यावर फक्त तेवढंच ठेवलं.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी पैसे मागा. मी तिसऱ्या महिन्यात मागितले, कारण लाज वाटत होती. मालक म्हणाले, “चालतंय का बघूया, मग देतो की.” या वाक्याला अंत नाही. मी म्हटलं, “साहेब, महिन्याचे दीड हजार ठरवू. पण दोन महिन्यांचे आज द्या.” ते हसले, आणि ३,००० चा चेक लिहिला. त्यांनी नकार दिला असता तरी फायदाच होता. दीड हजाराला नको असलेली गोष्ट पाच हजारांच्या ॲपमध्ये घातल्यावर हवी होत नाही, आणि माझं एक वर्ष वाचलं असतं.

विक्रीला वेळ लागतो, त्याची मात्र तयारी ठेवा. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, आणि सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली. रडू आलं की मी किर्लोस्करवाडीच्या रेल्वे स्टेशनचा फलक आठवते.

भागीदार

माझा मित्र आणि मी, निम्मे-निम्मे शेअर. कॉलेजपासूनची दोस्ती, लिहून काय घ्यायचं? चौदाव्या महिन्यात त्याच्या घरी आजारपण आलं, त्याने बेंगळुरूला नोकरी धरली. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण निम्मी कंपनी त्याच्या नावावर राहिली. पन्नास-पन्नासमध्ये दोघांचं एकमत नसेल तर साधा ठरावही मंजूर होत नाही, आणि बँकेत दोघांच्या सह्या लागत होत्या. ते शेअर परत घेईपर्यंत दोन वर्षं गेली, आणि दोस्तीतलं बरंच काही त्यात संपलं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात कागद करा. शेअर एकदम हातात पडू नयेत, चार वर्षांत हळूहळू पिकावेत. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी जो जाईल त्याला काही नाही, त्यानंतर महिन्यागणिक. यालाच व्हेस्टिंग म्हणतात, आणि ते स्वतःलाही लावून घ्या. जोडीला लिहा: कोण किती तास देणार, कोणी किती पैसे घातले आणि ते कर्ज की भांडवल, पगार कधीपासून, अडलं तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि नवरा-बायको, भाऊ, मेहुणे यांना कामावर घ्यायचं की नाही. शेवटचं कलम हसण्यावारी नेऊ नका. स्टँप आता ५०० चा लागतो, पूर्वी शंभरावर भागायचं. मला जे नुकसान झालं त्यापुढे ही रक्कम म्हणजे चहापाणी.

कागदपत्रं

एकटेच असाल, बाहेरचा पैसा घ्यायचा नसेल, तर सुरुवात प्रोप्रायटरशिपने, म्हणजे एकट्याच्या मालकीने, करा. तुमचाच पॅन चालतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंद, सरकारी पोर्टलवर आधारने होते आणि ती पूर्ण मोफत आहे. गुगलवर शोधलंत तर सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि दोन-तीन हजार घेतात, त्यांच्यापासून सांभाळा. शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं, काम ऑनलाइन होतं. हे दोन कागद घेऊन गेलात की चालू खातं बहुधा उघडतं. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, नाहीतर मार्चमध्ये सीए तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती विसरता येत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड तेव्हा करा जेव्हा तिची गरज दारात येईल: खरा भागीदार, खरा गुंतवणूकदार, किंवा प्रोप्रायटरला ऑर्डर न देणारा मोठा ग्राहक. किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. २०१५ पासून किमान भांडवलाची अट नाही. स्पाइस प्लस नावाच्या एकाच फॉर्ममध्ये नाव, नोंदणी, पॅन, करकपातीसाठीचा टॅन सगळं येतं, त्यामुळे काढणं सोपं वाटतं. जड जातं ते सांभाळणं. नोंदणीपासून १८० दिवसांत भागभांडवल कंपनीच्या खात्यात भरून व्यवसाय सुरू केल्याचं जाहीर करावं लागतं. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट होतंच. वार्षिक ताळेबंदाचा आणि विवरणाचा असे दोन फॉर्म दरवर्षी जातात, आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. “धंदाच नाही तर रिटर्न कसलं,” असं म्हणून मी गप्प बसले. दोन फॉर्म, २१० दिवस, ४२,००० रुपये. त्या वर्षी कंपनीचं उत्पन्न होतं ३,०००.

एलएलपी हा मधला रस्ता आहे. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिट लागत नाही. दोघा-तिघांचा सल्लागार किंवा सेवा देणारा धंदा असेल तर उत्तम. पुढे गुंतवणूकदार आणायचे असतील तर ते बहुधा कंपनीच मागतात.

स्टार्टअप इंडिया या सरकारी योजनेची मान्यताही मोफत मिळते, पण प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. तिच्यामागे धावत सुटू नका. नावाचा ट्रेडमार्क मात्र लवकर टाका. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे वस्तू-सेवांच्या एका वर्गाला ४,५०० रुपये पडतात, इतरांना ९,०००. आमचं आधीचं नाव दुसऱ्या कोणाचं तरी निघालं होतं. फ्लेक्स, कार्डं, गाडीवरचं स्टिकर, सगळं गेलं. आईच्या किराण्याच्या याद्या तिथूनच सुरू झाल्या.

बिल आणि वसुली

सेवेचा धंदा महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा सक्ती नाही. घेतलीत तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कर बिलाच्या तारखेवर भरायचा असतो, पैसे आल्यावर नाही. मी एका कारखान्याला मार्चमध्ये वर्षाचं बिल फाडलं: २,४०,००० आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ४३,२००. एप्रिलच्या वीस तारखेला ४३,२०० मी खिशातून भरले. त्यांचे पैसे आले गणपतीत. आता वार्षिक वर्गणीसाठी आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवते आणि पैसे जमा झाले की करबिल. जे आगाऊ देत नाहीत त्यांना दरमहा छोटं बिल, म्हणजे अडकलं तरी थोडंच अडकतं.

ग्राहक टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाचा प्राप्तिकर, आधीच कापून पैसे देतो. तो प्राप्तिकर पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसतो का, ते दर तिमाहीला बघा. कापला पण भरला नाही, असं निघालं तर मार्चनंतर विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही.

उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. वसुलीसाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. मी कधी केला नाही, कारण त्याच माणसाकडे परत जायचं असतं. पण २०२३-२४ पासून मुदत उलटलेलं बिल मार्चअखेरपर्यंतही दिलं नाही, तर तो खर्च ग्राहकाला त्या वर्षी प्राप्तिकरात वजा मिळत नाही, आणि हे त्यांच्या अकाउंटंटला बरोबर माहीत असतं. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांना फोन करत नाही, अकाउंटंटला करते. “साहेब, आमचा उद्यम नंबर तुमच्याकडे आहे ना?” एवढंच विचारते. हे उत्पादक आणि सेवावाल्यांना लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्यांना नाही.

गुंतवणूकदार

पुण्यात दोघा-तिघांना भेटले. सगळ्यांचा प्रश्न एकच: मार्केट केवढं? कोल्हापूर परिसरात फाउंड्र्या तीनशेच्या घरात. प्रत्येकाने महिन्याला पाच हजार दिले, एकही सुटला नाही, तरी वर्षाचे १ कोटी ८० लाख. ज्याला दहातल्या एका कंपनीतून बाकी नऊंचे पैसे काढायचे असतात, त्याला एवढ्यात रस नसतो. मला राग आला होता, आता येत नाही. हा हिशोब तुम्ही स्वतः, घरीच, एका कागदावर करा. आकडा लहान निघाला तर धंदा वाईट आहे असं होत नाही, फक्त त्या दारात जायचे एसटीचे पैसे वाचतात. प्रयोगशाळेतून निघालेलं काही, औषध, उपकरण, नवं मटेरियल असेल तर गोष्ट वेगळी. मग पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचं साइन अशा, नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरकडे लवकर जा, तिथे पैशांपेक्षा यंत्रं आणि जाणकार माणसं मिळतात.

तर सुरुवात कुठून? या आठवड्यात तीन कारखाने, दुकानं, दवाखाने, जे तुमचं असेल ते ठरवा. ओळखीतून जा, पण सख्ख्या नातेवाइकाकडे नको, तो कौतुकच करेल. सकाळी शिफ्ट सुरू होताना जाऊ नका. दुपारी तीननंतर, डिस्पॅचची गाडी निघाली की माणसं बोलती होतात. लॅपटॉप गाडीतच ठेवा, वही आत न्या. कोल्हापुरात येणार असाल तर सोमवार टाळा, बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते.